केपीएसी ललिता : 'दुसऱ्या' अभिनेत्रीचं मोजमाप



आजच्या व्याख्यानाची सुरुवात अशा एका भूमिकेपासून करू या, जिच्यात नटी पडद्यावर एकदाही दिसत नाही.

अडूर गोपालकृष्णन यांचा 'मतिलुकळ' हा चित्रपट. नावाचा अर्थ 'भिंती'. वैकम मुहम्मद बशीर हे मल्याळममधले फार मोठे कथाकार. त्यांच्या स्वतःच्या तुरुंगवासावर बेतलेल्या लघुकादंबरीवरून अडूरनी हा चित्रपट केला आणि तो १९९०मध्ये आला. काळ १९४०च्या दशकातला, जागा तिरुवनंतपुरमचा मध्यवर्ती तुरुंग. बशीर झालेत मम्मूट्टी. तुरुंगाच्या आवारात एक उंच भिंत आहे आणि पलीकडे बायकांचा तुरुंग. एक दिवस भिंतीपलीकडून आवाज येतो. ती नारायणी. मग दोघं बोलायला लागतात, एकमेकांना न पाहता. ती भिंतीशी आली की वाळकी काटकी वर उडते आणि ती आकाशात दिसली की हा धावत येतो. गुलाबाचं रोप भिंतीवरून पलीकडे जातं. दोघं तुरुंगाच्या दवाखान्यात भेटायचं ठरवतात, आणि भेटीच्या आधीच याच्या सुटकेचा हुकूम येतो. ज्या सुटकेची माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो, ती त्याला नकोशी होते. गोष्ट इथे संपते.

नारायणी आपल्याला दिसत नाही. ती फक्त ऐकू येते. तो आवाज केपीएसी ललिता यांचा आहे.

आता एक प्रश्न विचारून ठेवतो आणि त्याच्याकडे शेवटी येऊ. ज्या बाईचा चेहरा प्रेक्षकाने कल्पनेने रंगवायचा आहे, तिच्यासाठी नवखा, कधी न ऐकलेला आवाज घ्यायला हवा की नको? अडूरनी घेतला तो केरळात घराघरात ओळखीचा असलेला आवाज. १९९०पर्यंत ललिता वीस वर्षं पडद्यावर होत्या. पहिल्या वाक्याला थिएटरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा उभा राहणार, हे दिग्दर्शकाला कळत नसेल असं कसं म्हणायचं? मग ही निवड चुकली का?

उत्तर द्यायचं तर आधी या बाई कोण होत्या ते सांगायला हवं. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत मल्याळम चित्रपट बघणारे खूप झालेत. ओटीटीवर सबटायटल लावून आपण ते बघतो, त्यांच्या वास्तवदर्शीपणाचं कौतुक करतो. पण त्या कौतुकात नावं येतात ती दिग्दर्शकांची आणि नटांची, म्हणजे मम्मूट्टी, मोहनलाल, फहाद फासिल यांची. ललितांचं नाव येत नाही. साडेपाचशेहून अधिक चित्रपटांत काम केलेल्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक नसावं, यात दोष त्यांचा नाही. तो पाहणाऱ्याचा आहे, आणि त्यात आम्हीही आलोच.

ललितांचं मूळ नाव महेश्वरी. जन्म १९४७चा, कायंकुळमच्या परिसरातला. वडील छायाचित्रकार होते. लहानपणी नृत्याचं शिक्षण झालं, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास नाटकात पाऊल पडलं, आणि मग त्या केपीएसीत दाखल झाल्या. केपीएसी म्हणजे केरळ पीपल्स आर्ट्स क्लब. कम्युनिस्ट चळवळीतून उभी राहिलेली ही नाटक मंडळी. तोप्पिल भासी हे तिचे नाटककार. त्यांचं 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे नाटक १९५२चं. 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत' असा त्या नावाचा अर्थ. १९५७मध्ये केरळात निवडून आलेल्या कम्युनिस्ट सरकारची गोष्ट सांगताना आजही लोक या नाटकाचं नाव घेतात. आपल्याला हे परकं वाटायला नको. इप्टाची स्थापना १९४३ची, मुंबईतली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक त्याच काळातलं. केपीएसी ही त्याच कुळीतली.

'ललिता' हे नाव तोप्पिल भासींनी दिलं. पण सिनेमात त्या आधीपासून एक ललिता होत्या. त्रावणकोर भगिनी म्हणून प्रसिद्ध असलेल्या ललिता, पद्मिनी, रागिणी यांच्यातल्या. मग घोटाळा नको म्हणून हिच्या नावाआधी 'केपीएसी' लागलं ते कायमचं. जरा विचार करा. या बाईच्या नावापुढे ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं, ना गावाचं. आहे ते एका नाटक मंडळीचं. त्या मंडळीतून मिळालेली एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर वापरली, ती म्हणजे आवाज. गावोगावच्या मैदानांत हजारो माणसांपुढे बोलायचं, तर वाक्य शेवटच्या रांगेत बसलेल्या शेतमजुराला कळायला हवं, आणि तरी ते त्याला स्वतःच्या ओसरीवर ऐकल्यासारखं वाटायला हवं. हे दोन्ही एकदम साधणं फार अवघड असतं.

पहिला चित्रपट १९६९चा, के. एस. सेतुमाधवन यांचा 'कूट्टुकुटुंबम'. तोही केपीएसीच्या नाटकावरूनच केलेला. तिथून २०२२पर्यंत काम चालू राहिलं. अर्धशतकाहून जास्त.

आता पुरस्कारांकडे वळतो, कारण आमचं आजचं म्हणणं तिथूनच निघतं. ललितांना दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला: 'अमरम'साठी आणि 'शांतम'साठी. दोन्ही वेळा सहाय्यक अभिनेत्रीचा. केरळ राज्याचा पुरस्कार चार वेळा मिळाला. त्या पुरस्काराचं तेव्हाचं नाव होतं 'दुसरी उत्तम अभिनेत्री'. सहाय्यक नाही, चरित्र अभिनेत्री नाही, सरळ 'दुसरी'. पुढे ते नाव बदललं. पण १९७५, १९७८, १९९०, १९९१ या चारही वर्षी त्या 'दुसऱ्या'च होत्या.

'दुसरी' म्हणजे काय हो? पहिलीच्या खालची? की पहिली जिच्यामुळे पहिली ठरते, ती?

'स्वयंवरम' घ्या. अडूर यांचा पहिला कथापट, १९७२चा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शारदा यांना अभिनेत्रीचा. गोष्ट साधी. विश्वम आणि सीता घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून शहरात येतात. पैसे संपत जातात, नोकऱ्या टिकत नाहीत, शेवटी नवरा जातो आणि तान्ह्या मुलासकट सीता उरते. शारदांचं काम मोठंच आहे. पण चित्रपट संपताना आपल्या पोटात गोळा येतो, तो कशामुळे? सीतेपुढे आता कोणते रस्ते आहेत, ते आपण शेजारपाजारी आधीच पाहिलेलं असतं म्हणून. तिच्या शेजारी कल्याणी नावाची बाई आहे, देहविक्रय करून जगणारी. ती ललितांनी केली. भूमिका छोटीच आहे. पण ती बाई नुसती 'वाईट वस्ती' दाखवायला ठेवल्यासारखी झाली असती, तर शेवटच्या प्रसंगाला धार आलीच नसती. ललितांची कल्याणी आपल्याला घाबरवत नाही, दयाही मागत नाही. ती राहते, एवढंच. शेजारीण जशी राहते तशी. म्हणून ती सीतेचं एक शक्य भविष्य वाटते. पुरस्कार शारदांना मिळाला आणि तो योग्यच होता. मात्र त्या भूमिकेला जो पाया लागला, त्याचा हिशेब कुणी मांडला?

पाच वर्षांनी 'कोडियेट्टम' आला. दिग्दर्शक पुन्हा अडूर. यात ललिता नायकाची बायको आहेत, शांतम्मा. नायक शंकरनकुट्टी, म्हणजे गोपी. त्यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकरनकुट्टी हा वयाने वाढलेला पण मनाने पोरच राहिलेला माणूस. देवळाच्या जत्रा, हत्ती, शोभेची दारू, पोरांबरोबर पतंग आणि पोटभर जेवण, एवढंच त्याचं जग. लग्न होतं, पण हा घरी टिकत नाही. जत्रा लागली की निघाला. बायको घरात एकटी. गरोदरपणी ती माहेरी निघून जाते. मग कुठे या माणसाला हळूहळू जाग येते. ट्रकवर काम करतो, चार पैसे मिळवतो आणि शेवटी बायकोसाठी वस्त्र घेऊन तिच्या दारात येतो.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पार्श्वसंगीत नसलं की नटाला लपायला जागा राहत नाही. बायको दुःखी आहे हे सांगायला व्हायोलिन येणार नाही. शांतम्मा वाट बघते, भांड्यांचा आवाज होतो, ती वाढते, तो जेवतो. ललितांनी शांतम्माला सोशीक देवी केलेलं नाही. तिला राग येतो, ती रुसते, ती आशाही धरते, आणि हे सगळं एकाच जेवणाच्या प्रसंगात चेहऱ्यावरून सरकून जातं. गोपींचा शंकरनकुट्टी आपल्याला गोड वाटत असतो. तो बेजबाबदारसुद्धा आहे, हे आपल्याला शांतम्माच्या तोंडाकडे बघून कळतं. नायकाचं मोजमाप बायकोच्या चेहऱ्यावर होतं. ललिता पडद्यावर नसत्या तर हा चित्रपट एका भोळ्या माणसाची गंमत होऊन बसला असता.

आता थोडं हलक्या बाजूला जाऊ. 'मणिचित्रताळ', १९९३, दिग्दर्शक फाझिल. आपल्याकडे याचा हिंदी अवतार 'भूलभुलैया' सगळ्यांनी पाहिला आहे. मूळ चित्रपटासाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे एक मजेची गोष्ट आहे. शोभनांची भूमिका जगभर गाजली, पण त्या भूमिकेचा आवाज त्यांचा नाही. गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा, आणि नागवल्लीचा तमिळ आवाज दुर्गा यांचा. ही त्या एका चित्रपटाची तऱ्हा नव्हे. मल्याळम सिनेमात कितीतरी नायिकांना दुसऱ्याचा आवाज लागत आला आहे. नायिका बाहेरच्या भाषेतून यायच्या, त्यांचं रूप घेतलं जायचं आणि भाषा दुसरी बाई पुरवायची.

ललितांचं याच्या अगदी उलट होतं. त्यांचं भांडवलच आवाज. किंचित अनुनासिक, भरभर धावणारा, मध्येच हेल काढणारा, हसता हसता रडवेला होणारा. 'मणिचित्रताळ'मध्ये त्या भासुरा आहेत. भुताला घाबरणारा नवरा म्हणजे इनोसन्ट. ही जोडी केरळात इतकी लोकप्रिय होती की दोघं एका चौकटीत आली की थिएटर आधीच हसायला सुरुवात करायचं. पण हे नुसतं हसवणं नव्हतं. भयपट चालायचा तर वाडा आधी घर वाटावा लागतो. त्यात कुणीतरी नवऱ्यावर खेकसलं पाहिजे, कुणीतरी कुरकुर केली पाहिजे. ते घरपण भासुरासारख्या माणसांनी आणलं. मग त्या घरात नागवल्ली आली तर अंगावर काटा येतो.

आणि ऐका, हिंदीत हीच जागा आपल्या रसिका जोशी यांनी सांभाळली. त्या आता नाहीत. त्यांच्यावर मराठीत नीट, सविस्तर असं किती लिहिलं गेलं? तेव्हा हा प्रश्न केरळापुरता नाही. 'दुसऱ्या' बाईकडे बघायची सवय समीक्षेला कुठेच लागलेली नाही.

आता 'अमरम'. १९९१मध्ये आलेला, भरतन यांचा. भरतन हे ललितांचे पती. त्यांचं लग्न १९७८चं. 'अमरम' किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतला चित्रपट. अच्चूट्टी, म्हणजे मम्मूट्टी, आईवेगळ्या मुलीला एकट्याने वाढवतो. पोरीला डॉक्टर करायचं हे त्याचं स्वप्न. पोरगी शेजारच्या कोच्चुरामनच्या मुलाच्या प्रेमात पडते आणि स्वप्न मोडतं. दोन घरांत वैर उभं राहतं. कोच्चुरामनची बायको भार्गवी, ती ललितांची भूमिका.

या चित्रपटाबद्दल बोलताना लोक मम्मूट्टींबद्दल बोलतात. ते स्वाभाविक आहे. पण एकदा भार्गवीच्या जागी उभं राहून हा चित्रपट बघा. अच्चूट्टी हा जुना शेजारी, जिव्हाळ्याचा. त्याच्या पोरीला हिने माया लावलेली. मुलगा हिचाच. नवरा संतापलेला. अच्चूट्टीला एकच दुःख आहे, मुलीने स्वप्न मोडल्याचं. भार्गवीला एकाच वेळी तीन माणसांशी तीन नाती निभवायची आहेत आणि त्यातलं कुठलंही तोडायची तिला मुभा नाही. ललिता हे कसं करतात? बोलण्याचा सूर बदलून. नवऱ्याशी बोलताना एक, मुलाशी दुसरा, अच्चूट्टीशी तिसरा. सबटायटलमध्ये तिन्ही वाक्यं सारखीच दिसतात, आणि इथेच आपली अडचण सुरू होते.

आम्हाला मल्याळम येत नाही. कामापुरते चार शब्द कानाला ओळखीचे झालेत, इतकंच. मग ज्या नटीची कला बोलण्यात आहे, तिच्यावर आम्ही कोणत्या तोंडाने बोलायचं? ही शंका आम्हाला व्याख्यानाची तयारी करताना सतत छळत होती. सबटायटल आपल्याला अर्थ देतं आणि डोळे पडद्याच्या तळाशी बांधून ठेवतं. सूर, हेल, अर्धवट सोडलेलं वाक्य, 'हं' म्हणण्याची तऱ्हा, हे सगळं गळून जातं. नायकाचं फारसं बिघडत नाही. कॅमेरा त्याच्यावर असतो, संगीत त्याच्यासाठी वाजत असतं. जिच्याकडे कॅमेरा क्षणभरच वळतो, तिचं मात्र सगळंच जातं. म्हणजे आपण परभाषेतला सिनेमा सबटायटलवर बघतो तेव्हा आपणही नकळत 'पहिली' आणि 'दुसरी' अशी वाटणी करत असतो.

यावर आम्ही एक उपाय केला. प्रसंग एकदा सबटायटल लावून बघायचा, अर्थ समजून घ्यायचा. मग तोच प्रसंग सबटायटल बंद करून फक्त ऐकायचा. करून बघा. भाषा न कळताही सूर कळतो. आपण शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकतो, तेव्हा शब्द कुठे कळतात? पण कोण चुकलंय हे बहुतेक वेळा कळतं.

वयाचीही एक गोष्ट बोलायला हवी. 'स्फटिकम', १९९५. मोहनलाल नायक, तिलकन कडक शिस्तीचे वडील, ललिता आई. ललितांचा जन्म १९४७चा, मोहनलाल यांचा १९६०चा. तेरा वर्षांनी मोठी आई! आणि 'मतिलुकळ'मध्ये त्या मम्मूट्टींच्या प्रेयसीचा आवाज आहेत. मम्मूट्टी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. म्हणजे त्या काळात ललितांच्या वयाच्या बाईला पडद्यावर बहुधा आईच व्हावं लागे. प्रेमात पडायचं असेल तर भिंतीमागे राहावं लागलं. अडूरनी हे ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. पण घडलं ते असं.

१९९८मध्ये भरतन गेले. मागे कर्जं होती. काही काळ ललिता कामापासून दूर राहिल्या. परत आल्या त्या १९९९मध्ये सत्यन अंतिकाड यांच्या 'वीण्डुम चिला वीट्टुकार्यंगळ'मधून. 'पुन्हा काही घरगुती गोष्टी' असा त्या नावाचा अर्थ. तिलकन यांची बायको, जयराम यांची आई. त्यानंतर जयराज यांच्या 'शांतम'मधली भूमिका आणि दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. पुढे दूरचित्रवाणीवर 'तट्टीम मुट्टीम'सारखी घरगुती विनोदी मालिका. शीला ही मल्याळमची एकेकाळची सर्वांत मोठी नायिका. दीर्घ काळानंतर २००३मध्ये 'मनस्सिनक्करे'तून परतली, तेव्हा तो मोठा सोहळा झाला. त्या चित्रपटात ललिताही होत्या. त्या कुठे गेल्याच नव्हत्या, म्हणून त्यांच्या येण्याचा सोहळाही झाला नाही.

आता जे बोलणार आहे ते टाळता आलं असतं. पण मग व्याख्यानाची आरती झाली असती.

मल्याळम चित्रपटसृष्टीत २०१७मध्ये अभिनेत्रींनी एकत्र येऊन विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह ही संघटना काढली. बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी चारचौघांत आणला. कलाकारांच्या 'अम्मा' या जुन्या संघटनेशी त्यांचा संघर्ष झाला. २०१८च्या ऑक्टोबरात अम्माच्या बाजूने पत्रकार परिषद झाली, तिथे ललिता बसल्या होत्या. बाहेर पडलेल्या अभिनेत्रींनी माफी मागून परत यावं, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुष्कळांना ते लागलं. अधिक लागलं, कारण तरुणपणी एका वजनदार नटाने आपल्याला कसा त्रास दिला, हे ललितांनी स्वतःच सांगितलेलं होतं.

ज्या बाईने स्वतः भोगलं, ती धाकट्यांच्या मागे का उभी राहिली नाही? आम्हाला याचं सोपं उत्तर देता येत नाही, आणि त्यांच्या वतीने सफाई देण्याचा अधिकारही नाही. आमच्या मते ती भूमिका चुकीचीच होती. इतकं मात्र दिसतं, की पन्नास वर्षं 'दुसरी' म्हणून काम करणाऱ्या माणसाला संघटना, मोठे नट, दिग्दर्शक यांच्याशी जुळवून घेऊनच टिकावं लागतं. पहिल्या रांगेतली बाई काम नाकारू शकते. दुसऱ्या रांगेतल्या बाईने नाकारलं की तिची जागा दुसऱ्या दिवशी भरते. यामुळे ललितांचं म्हणणं बरोबर ठरत नाही. पण ज्या व्यवस्थेबद्दल त्या तरुण अभिनेत्री बोलत होत्या, तिचा धाक किती खोल असतो, हे त्या पत्रकार परिषदेतही दिसत होतं. पडद्यावर बायकोचा, आईचा, शेजारणीचा दबलेला राग त्यांनी इतक्या वेळा ऐकवला. प्रत्यक्षात मात्र तो आवाज त्या दिवशी दुसऱ्या बाजूने लागला. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्रच सांगायला हवं.

२०१६पासून त्या केरळ संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्ष होत्या. २०२१च्या अखेरीस यकृताच्या विकाराने आजारी पडल्या. उपचारांचा खर्च केरळ सरकारने उचलायचं ठरवलं आणि त्यावर वाद झाला. इतके चित्रपट केलेल्या बाईला सरकारची मदत कशाला, असं लोक म्हणाले. हा प्रश्न उलटा करून विचारा. इतके चित्रपट करूनही आजारपणात सरकारच्या मदतीची गरज पडावी, तर 'दुसऱ्या' माणसांच्या श्रमाची किंमत या धंद्यात काय लावली जाते? २२ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या, वयाच्या ७४व्या वर्षी. मार्चच्या सुरुवातीला मम्मूट्टींचा 'भीष्म पर्वम' आला. त्यात त्या होत्या, आणि नेडुमुडी वेणूही. वेणू आदल्या ऑक्टोबरातच गेलेले. पडद्यावर दोघं म्हातारी माणसं जिवंत, आणि बघणाऱ्यांना ठाऊक की दोघंही नाहीत.

तर मंडळी, तो सुरुवातीचा प्रश्न. नारायणीला ओळखीचा आवाज का?

आमचं उत्तर असं. नवखा, सुरेल आवाज घेतला असता तर नारायणी म्हणजे बशीरचं स्वप्न झाली असती. तुरुंगातल्या पुरुषाला पडलेलं, हवं तसं सुंदर. ललितांच्या आवाजात मात्र शांतम्माचं वाट बघणं होतं, कल्याणीचा धीटपणा होता, स्वयंपाकघरं होती, भांडणं होती. तो ऐकला की पलीकडे एक खरी कैदी बाई उभी आहे हे पटतं. ती लाडीगोडी करते, हट्ट धरते, खुदकन हसते, रडते. तिलाही शिक्षा झालेली आहे, तिचेही दिवस जात नाहीत. म्हणून सुटकेचा हुकूम येतो तेव्हा आपल्याला दुःख फक्त बशीरचं होत नाही. बशीर बाहेर पडणार आहे. ती पलीकडे काटकी हातात धरून उभी राहणार आहे, आणि कुणी तिला सांगायलाही जाणार नाही. हे जाणवतं ते त्या आवाजामुळे. अडूर चुकले नाहीत.

ललितांच्या आत्मकथेचं नाव 'कथा तुडरुम' आहे, म्हणजे 'गोष्ट पुढे चालू राहील'. आमची एक विनंती आहे. 'मतिलुकळ' मिळवून बघा. नारायणीचा भाग सुरू झाला, की पहिल्यांदा सबटायटल वाचा. मग मागे जा, सबटायटल बंद करा, हवं तर डोळेही मिटा आणि तो भाग पुन्हा ऐका. काय ऐकू आलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.